गोटीला बसवलेली कडी

सत्काराचा मंडप अजून सोडला नव्हता, खुर्च्या तशाच उलट्यापालट्या पडल्या होत्या, आणि महारुद्र मात्र गळ्यातला हार न काढताच घरच्या अंगणात येऊन ओरडायला लागला होता. बेइज्जती जणू त्याचीच झाली होती! पाहुणे भाषण न करता गाडीत बसून गेले, गाव तोंडावर उपरणं धरून हसलं, सख्खा बाप भर मंडपातून उठून गेला, आणि या सगळ्याचा जाब हा बहाद्दर विचारत होता कुणाला, तर ज्या पोरीचा सत्कार होता तिला.

"बोल की आता! तिथं तर दातखीळ बसली व्हती. आबा उठले तवा एक शब्द बोलली न्हाईस!"

ओट्याच्या खांबाला टेकून दिपाली उभी होती. अंगावर भारताच्या संघाचं निळं जाकीट, त्यावर गावानं पांघरलेली शाल. काकाच्या तोंडाकडं ती नुसती बघत राहिली. संताप इतका दाटला होता की तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर पडली असती.

झालं होतं ते असं. मारुतीच्या पारापुढची गोटी म्हणजे या घराची शान. मोठ्या भोपळ्याएवढा काळाकुळकुळीत दगड, धरायला ना कड ना खाच. तळहाताला राख चोळायची, दगड छातीशी कवटाळायचा आणि खांद्यावर घ्यायचा. दिपालीच्या आजोबांनी, किशनरावांनी तो ऐन विशीत घेतला. पुढं त्यांच्या थोरल्यानं, दिपालीच्या बापानं, रायभाननं घेतला. जो गोटी उचलील त्याचे तळहात आधीच्या गड्यानं आपल्या पटक्याच्या लोंबत्या शेमल्यानं पुसायचे, ही इथली रीत. रायभानचे हात बापानं पुसले, तेव्हा दिपालीचा जन्मही झाला नव्हता. त्यानंतर तो शेमला कुणाच्या हाताला लागला नाही.

त्या गोटीला आज सकाळी कडी होती. वरून दोन भोकं पाडून, आत सिमेंटचा मसाला भरून, स्टीलची चकचकीत कडी पक्की बसवलेली. फुलांच्या माळा घालून गोटी स्टेजवर मांडली होती. महारुद्र भोंग्यावर म्हणाला, "आमच्या दिपालीच्या इच्छेखातर या गोटीला तिच्या कर्लिंगच्या दगडाचं रूप दिलेलं हाय. टाळ्या होऊन जाऊ द्या!" टाळ्या झाल्यासुद्धा. पहिल्या रांगेत बसलेले किशनराव काठी टेकत उठले, स्टेजजवळ गेले, त्या भोकांवरून बोट फिरवलं आणि नातीकडं एकदाच बघून चालते झाले. एवढ्यानं सगळं संपलं.

आता ते अंगणातल्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. गोटी टेम्पोतून आणून त्यांच्यापुढंच उतरवली होती, कारण कडीसकट ती पारावर ठेवायला गावानं साफ नकार दिला होता.

"म्हातारपणी ह्येच बघायचं राह्यलं व्हतं," किशनराव भिंतीला म्हणाले. "मारुतीम्होरच्या दगडाला भोक."

"आबा, मी तर पोरीच्या कौतुकापायी..." महारुद्र जवळ सरकला. "तिला वाटलं गावाला खेळ दिसावा. मी म्हणलं, चला, पोरीची हौस हाय."

"कधी म्हणाली ती तुमाला, भाऊजी?" चुलीपाशी बसलेल्या सुमनबाईनं, दिपालीच्या आईनं, तिथूनच विचारलं. "ती तर परवा आली काश्मीरहून. गोटी तुमी त्याच्या आधीच धुवायला न्हेतो म्हणून न्हेली व्हती."

"फोन असतेत वहिनी, फोन! जगात फोन नावाची चीज हाय!"

दिपालीनं बापाकडं पाहिलं. अण्णा काहीतरी बोलतील, एवढंच तिला हवं होतं. रायभान मेंढरं राखणारा, गोटी उचललेला, अख्ख्या तालुक्यात ज्याच्या मनगटाचं नाव निघायचं असा माणूस. पण स्वतःच्या बापापुढं त्याची जीभ उचलायची नाही.

"उद्या तिची गाडी हाय, आबा," रायभान शेवटी म्हणाला. "पूर्ण्याहून, अमृतसरची. शिबिराला वेळेत हजर न्हाई झाली तर तिची जागा दुसरीला देतेत. यंदा तिला कर्णधार केलंय."

"जाऊ द्या की. मला कशाला इचारता? गोटी फोडताना इचारलं का?"

तेवढं पुरलं. रायभान लेकीकडं वळला आणि खाली बघत म्हणाला, "दिपे, आबांनी तोंडानं जा म्हणल्याबिगर या घरातून पिशवी उचलायची न्हाई."

"अण्णा!"

"म्हणलं ना. त्यांचं मन मोडून मिळालेलं काय बी आपल्याला नको."

दिपालीनं शाल काढली, घडी घातली, काकाच्या पुढ्यात ठेवली आणि घरामागं मेंढरांच्या काटेरी कुपाटीकडं निघून गेली.

मन मोडून म्हणे! आणि तिचं मन? सहा वर्षं काय केलं होतं तिनं? परभणीला कॉलेजात हँडबॉल खेळताना एका मास्तरीणबाईंनी तिच्या मांड्यांतला जोर हेरला आणि विचारलं, बर्फावर खेळशील का? बर्फ तिनं तोवर फक्त रसवंतीच्या पेटीत पाहिला होता. गुलमर्गला पहिल्या दिवशी तिच्या हातात झाडूसारखा ब्रश दिला. एकीनं दगड सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढं बर्फ घासत पळायचं आणि लांबच्या रंगीत वर्तुळात नेऊन तो थांबवायचा, असा तो कर्लिंगचा खेळ. गावात ही खबर आली तेव्हा पारावर हसून हसून लोक लोळले. रायभानची पोरगी झाडू मारायला काश्मीरला गेली! घरात मारत न्हाई, तिकडं जाऊन मारती! सोयरीक बघायला आलेल्या एका पाहुण्यानं तर सुमनबाईला तोंडावर विचारलं होतं, झाडायचं किती देतेत?

एकटे आबा हसले नव्हते. त्यांनी विचारलं होतं, "दगड कसला असतो गं?" ती म्हणाली होती, "काळा-करडा. लय गुळगुळीत. आपल्या गोटीच्या जातीचा." म्हातारा खूष झाला होता. वारलेल्या आजीच्या, केवळाबाईच्या जात्याची वरची तळी त्यांनीच तिला काढून दिली, खुंट्यासकट. पूर्ण्याच्या मंगल कार्यालयाच्या ओल्या फरशीवर ती तळी सरकवत दिपालीनं उन्हाळेच्या उन्हाळे काढले. लग्नाची तारीख नसली की आबा तिथं खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "हात नको लावू जादा, दगडाला त्याच्या मनानं जाऊ दे!" तिची कर्णधार म्हणून निवड झाली ती तिच्या आवाजावर. मेंढरं वळवता वळवता कमावलेला आवाज, बर्फाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचायचा. हे सगळं आबांना ठाऊक होतं. आणि तरी त्यांनी एक शब्द विचारला नाही! महारुद्र भोंग्यावर बोलला, तेच खरं धरलं. पोरीनं काय सांगितलं असतं, ते ऐकायची गरजच वाटली नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं. घराण्याचा हट्ट होता तो, तिच्यातही उतरला होता.

दुपारच्याला बबिता कुपाटीशी आली. रायभानची धाकटी, महारुद्रची थोरली बहीण. सत्कारासाठी गंगाखेडहून एसटीनं आली होती. पण ती समजूत घालायला आली नव्हती, याचं दिपालीला आधी नवल वाटलं आणि मग रागच आला.

"मी खो-खोत राज्याला खेळले," बबिता म्हणाली. "आबांनी एके दिवशी म्हणलं, बास. मी बूट काढून ठिवले. कुणी म्हणलं न्हाई, पोरीचं मन मोडंल. तुला सहा वर्षं मोकळं सोडलं तर तू घराची गोटीच फोडून बसलीस?"

"आत्या, तुमाला खरंच वाटतंय, मी सांगितलं आसंल म्हणून?"

"मग बोलत कामून न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?"

बबितानं पदर आवरला. ती खाली बसली. समोर एक कोकरू आईच्या पोटाशी धडका देत होतं, त्याच्याकडं बघत राहिली. खरं तर सकाळपासून तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी घुमत होतं. पोरीच्या गळ्यात हार पडला तेव्हा तिला आनंद झाला होता, पण त्याच्या आत एक काटाही टोचला होता. आबा रागावून उठले तेव्हा तो काटा निघाल्यासारखं वाटलं होतं. हे आठवून तिला आता स्वतःचीच किळस आली.

"बरं बाई, मी इचारते," ती म्हणाली. "तू सांगितलं व्हतं का?"

"न्हाई."

"तुझ्या त्या दगडाला कडी तरी असती का?"

दिपालीनं खिशातून मोबाइल काढला. बर्फावर गुडघा टेकून, एक हात पुढं करून दगड सोडतानाचा तिचा फोटो होता. दगडाच्या डोक्यावर छोटी, वाकडी मूठ. एका हातात मावेल एवढी.

बबितानं फोटो जवळ घेऊन पाहिला, मग पुन्हा पाहिला. "एकाच हातानं धरायचा?"

"एकाच. दुसऱ्या हातात ब्रश असतो."

बबिता ताडकन उठली.

अंगणात कुणी नव्हतं. बाजेवर आबा तसेच पाठ करून, झोपल्यासारखे. बबितानं गोटीवरच्या माळा बाजूला केल्या, दोन्ही हातांनी कडी धरली. दोन्ही मुठी शेजारी शेजारी आरामात बसल्या. वर चार बोटं जागा उरली. गड्याच्या दोन मुठींची कडी होती ती. तिनं हात काढले आणि तळवे बघितले. राख. कडीच्या खालच्या अंगाला, बोल्टाच्या फटीत राख भरलेली होती.

राख कोण लावतं? गोटी उचलणारा.

आणि मग तिला सकाळचं आठवलं. स्टेजमागं महारुद्रचा पोरगा, सुरज, नवी लुंगी आवळून उभा होता. तिनं त्याच्या हातात पेढा ठेवला तेव्हा पेढ्याला राख लागली होती. तेव्हा तिला वाटलं, मंडपाचे खांब रोवले असतील. याच सुरजला मागच्या हनुमान जयंतीला गोटी गुडघ्याच्या वर नेता आली नव्हती, आणि त्याचे फोटो-व्हिडिओ चुडाव्यापासून पूर्ण्यापर्यंत फिरले होते. महारुद्रला निवडणुकीला उभं राहायचं होतं. गोटीवाल्याचं घर, म्हणून फलक छापायचे होते. आणि गोटीवाला पोरगा मात्र गोटी उचलू शकत नव्हता.

"महारुद्र!" बबितानं अशी हाक मारली की शेजारच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. "भाईर ये! ये आधी भाईर!"

महारुद्र आला, त्याच्या मागं सुरज, गोठ्यातून रायभान, चुलीपासून सुमनबाई. कुपाटीच्या तोंडाशी दिपाली थांबली.

"ही कडी कुणासाठी बसवलीस?"

"दिपालीसाठी. भोंग्यावर सांगितलंय मी."

"तिचा दगड एका हाताचा असतो. ह्यो बघ फोटो. ही दोन हाताची हाय. आन् हिला राख लागलीय. दिपे, बर्फावर राख लावतेत का गं?"

"न्हाई, आत्या."

"मंग ही राख कुणाची?"

महारुद्रनं बाजूला पडलेली माळ परत कडीवर ओढली. "तायडे, तुला या खेळातलं काय कळतंय? भोकं पाडणाऱ्या फरशीवाल्यानं माप चुकवलं आसंल. उगं राईचा पर्वत..."

"माप चुकलं न्हाई," सुरज म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. आडदांड पोरगा, पण आता मान छातीत गेली होती, बापाकडं बघवत नव्हतं.

"दादांनी माझ्या मुठीचं माप घेऊनच कडी करून आणली. दिपाताईच्या सत्काराच्या शेवटी मी गोटी उचलायची, कडीला धरून. सकाळी राख लावून धरून बी बघितली. फोटो काढायचे. कडी कामून म्हणून कुणी इचारलं तर दिपाताईच्या नावावर खपंल, म्हणले. मी न्हाई म्हणलं व्हतं, आत्या. दोनदा म्हणलं. मंग गप बसलो."

"तू आत जा!" महारुद्र गरजला.

"न्हाई जात! ताईवर कामून ढकललं? गोटी मला उचलत न्हाई, हे अख्ख्या गावाला ठाव हाय. तिचा काय संबंध?"

महारुद्रनं हात उगारला, पण तो खाली आलाच नाही. मधेच रायभाननं त्याचं मनगट धरलं होतं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस तो, पण आज त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"माझी लेक," तो म्हणाला, "माझी लेक सहा वर्षं लोकांचं हसू ऐकत खेळली. झाडूवाली म्हणून घेतलं तिनं. आन् तू सख्खा चुलता, तिच्या गळ्यात हार घालून तिच्याच नावावर ह्ये पाप लिहितोस? भोंगा लावून? लाज कशी वाटली न्हाई रं तुला?"

"घराच्या इज्जतीसाठीच केलं की! तुझी बी इज्जत त्यात..."

"माझी इज्जत हिनं राखली. बर्फावर. तुझ्या कडीची गरज न्हाई मला."

मनगट सुटलं तेव्हा त्यावर लाल वळ उठले होते. महारुद्रनं मदतीसाठी बाजेकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. किशनराव उठून बसले होते. केव्हापासून जागे होते कोण जाणे, पण ऐकायचं ते सगळं ऐकून झालं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी काठी घेतली, पायात वहाणा घातल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकटेच मारुतीच्या पाराकडं निघाले. सुरज धरायला धावला, त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं.

"अण्णा," दिपालीनं बापाला विचारलं, "आता तरी उचलू का पिशवी?"

रायभानचे डोळे भरून आले. "मी म्हणलो ते चुकलो गं बाई. तू जा. कुणाच्या शब्दाची वाट बघू नकोस."

पण तिला माहीत होतं की ती वाट बघणार आहे. जाणार ती होतीच. पण ज्या माणसानं जात्याची तळी काढून दिली, तो पाठ करून बसलेला असताना बर्फावर उभं राहून ती ओरडणार कशी? आवाज निघेल, पण तो तिचा असणार नाही.

सकाळी सुमनबाईनं भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी फडक्यात बांधली. दिपालीच्या पिशवीत तिचे खेळायचे बूट होते, एकाचा तळ खरखरीत, दुसऱ्याचा काचेसारखा. बबितानं ते उगीच हातात घेऊन पाहिले, तळावरून अंगठा फिरवला आणि परत नीट ठेवले. स्टेशनला सोडायला सुरजनं मोटारसायकल पुसून उभी केली होती.

फाटकात बाज आडवी टाकलेली होती. त्यावर किशनराव बसले होते, धुतलेलं धोतर, लाल पटका, दाढी केलेली. रात्रभर झोपले नसावेत, डोळे तांबडे झाले होते. बाजेमागं महारुद्र उभा होता, त्याला बोलावून उभं केलेलं दिसत होतं.

"कडी काढायची न्हाई," किशनराव त्याला म्हणत होते. "काढली तर भोकं राहतीलच. हनुमान जयंतीला गाव जमंल, तवा तू भोंगा हातात घ्यायचा आन् कडी कुणासाठी बसवली ते सांगायचं. भोंग्यावर खोटं बोललास, खरं बी भोंग्यावरच बोलायचं. तवर त्या गोटीला कुणी शिवायचं न्हाई."

"आबा, निवडणूक हाय..."

"तवर मला आबा बी म्हणायचं न्हाई."

महारुद्र मान खाली घालून बाजूला झाला. मग किशनराव नातीकडं वळले. पटक्याचा शेमला खांद्यावरून पुढं ओढला आणि दोन्ही हातांत धरून म्हणाले, "हात कर."

सुमनबाईच्या हातातलं फडकं गळून पडता पडता राहिलं. रायभान जागच्या जागी थिजला. त्याला ठाऊक होतं हे काय चाललंय, साऱ्या घराला ठाऊक होतं. पोरीच्या हाताला हा शेमला कधी लागला नव्हता.

दिपालीनं हात पुढं केले नाहीत.

"आधी इचारा," ती म्हणाली.

"काय?"

"काल जे इचारायचं व्हतं, ते."

"दिपे, आता समदं कळलंय त्यांना," रायभान हळूच म्हणाला. "कशाला..."

"दुसऱ्यांकडून कळलंय, अण्णा. मला न्हाई इचारलं. तुमाला दगडाची जात कळती आबा, मला एक शब्द इचारावा ह्ये कळलं न्हाई?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. काल मंडपात न निघालेला आवाज होता तो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "सहा वर्षं तुमी माझ्यासंगट खुर्ची टाकून बसलाव. आन् काल माझ्याकडं चोराकडं बघितल्यावानी बघितलंत!"

म्हातारा हलला. शेमला धरलेले हात मांडीवर पडले. या माणसानं आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. बबिताला तिचे काढून ठेवलेले बूट आठवले, आणि ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

किशनरावांनी घसा साफ केला. एकदा, मग पुन्हा.

"दिपे," ते म्हणाले, "गोटीला कडी तू बसवाय लावलीस का, माय?"

"न्हाई, आबा."

"बरं," किशनराव म्हणाले.

मग तिनं दोन्ही तळहात पुढं केले.